घरी पोहोचेपर्यंत

भानुदासतात्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बारामतीच्या आमच्या बातमीकक्षात होतो. अंथुर्ण्याहून त्यांचा पुतण्या सांगत होता... अंगणात पेपर वाचता वाचता कोसळले, दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत. इंदापूर तालुक्याच्या बातम्या तात्यांनी आयुष्यभर आम्हाला पाठवल्या. त्यांची बातमी दुसऱ्या कुणी आधी द्यावी, हे मला सहन होईना. डोळे कोरडे होण्याआधीच मी चार ओळी लिहिल्या, छायाचित्र जोडले आणि आमच्या संकेतस्थळाच्या वाचकांच्या मोबाईलवर सूचना पाठवून दिली. मला तो आदर वाटला होता.

तात्यांना असली घाई कधी मानवली नाही. ‘तुमची बातमी म्हंजी उकळी यायच्या आधी उतरवलेला चा,’ असे ते मला चिडवत. एकदा उसाची ट्रॉली उलटून एक तरुण गेला. इतरांनी नावानिशी बातमी दिली होती, आमची अडली होती. मी फोनवर आवाज चढवला.

“नाव हाय माझ्याकडं,” तात्या म्हणाले, “पण त्याची आई गाडीत बसलीय. मी खाली उतरून बोलतोय. पोरगं दवाखान्यात हाय, असं सांगून घरी न्हेतोय तिला.”

“म्हणजे खोटं बोललात? तुम्ही?”

“व्हय. घरी पोचंपतोरचं. तितं तिच्या जावा हायत, भाऊ हाय, धराय माणसं हायत. मग टाका की काय टाकायचं ते.”

आमच्या भागात मरणाची वार्ता अशीच नेतात. सासरी असलेल्या लेकीला ‘बरं नाही, चल’ एवढेच सांगतात. उरलेले तिला उंबरठ्यावर कळते, आणि तेव्हा सावरायला चार हात असतात. बातमीत एक शब्दही खोटा न खपवणारा हा माणूस ते खोटे मात्र मनापासून जपत असे. केवळ छापील पेपर होता, तोवर ते जपणे सोपे होते. मध्ये एक रात्र असे. आता मध्ये काहीच नाही...

दहाव्याला तात्यांची लेक वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. तिला सुप्याला दिलेली. त्या दिवशी ती दिरासोबत एसटीने निघाली होती.

“काका, बातमी चांगली लिहिली होती तुमी,” ती म्हणाली. “भाऊजी सांगत होते, सलाईन लावलंय, बोलत्यात तात्या. तेवढ्यात तुमची बातमी आली, मी मोबाईल त्यांच्या पुढं धरला. बारामतीसुदिक आली नव्हती अजून.”

मी ती बातमी मोबाईलवर उघडली, तशी ती म्हणाली,

“काढून टाकता येईल का ती? पोरं मोबाईलवर आजोबाचं नाव टाकत्यात, की तीच वर येती. खाली ती टाकल्याची वेळ हाय. ती बघितली की मी परत एसटीतच...”

मी ‘बघतो’ म्हणालो. गेले काही आठवडे नुसते बघतोच आहे. दिलेली बातमी गुपचूप पुसायची नाही, हा आग्रहही तात्यांचाच; आणि पुसली तर तिच्याबरोबर माझा दोषही पुसला जाईल, ही सोय मला बोचते. ठेवावी, तर त्यांची लेक पुन्हा पुन्हा त्याच बसमध्ये बसते. बातमी खरी होती, असे मनाला बजावून पाहिले. मन ऐकत नाही.

आज अखेर त्या बातमीच्या जागी ठेवायला दोन ओळी लिहिल्या आहेत : ‘ही निधनवार्ता त्यांच्या मुलीला घरच्यांकडून कळण्याआधी आम्ही दिली. चूक आमची आहे. तिच्या विनंतीवरून बातमी काढत आहोत.’ त्या ओळी आणि इथवरचा हा लेख आधी वैशालीला पाठवला. तिचे उत्तर आले, “टाका काका. पण आईला वाचून दाखवते आधी. ती आत्ताच जेवायला बसलीय.”

पुरवणीकडून लेखाची विचारणा सुरू आहे. मी थांबलो आहे. त्यांचे जेवण होऊ दे.