सोडा म्हटले की सोडायचे

शिवरे येथे महामार्गालगत अमजदभाईंचे टेम्पोच्या ताडपत्र्या शिवण्याचे दुकान होते. राहायला ते भोरला, आमच्याच आळीत. तेथे त्यांची ओळख शिलाईपेक्षा पतंगाने अधिक होती. नागपंचमीला त्यांचा पतंग पुष्कळांनी काटला; त्यांच्या हातचा दोरा मात्र कोणाला सोडवता आला नाही. बोट चिरले तरी दोरा सोडायचा नाही, हा आळीतला रिवाज. तो ते निष्ठेने पाळीत.

२००८ च्या मे महिन्यात त्यांची भाची हुमा गोव्याहून आली. पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकत जाण्याचा एक खेळ आहे; तो ती तिकडच्या किनाऱ्यावर शिकवीत असे. येताना तिने एक फाटका पतंग आणला होता. खोलीएवढा पन्हा, आणि कडेने हवा भरण्याची नळी. अमजदभाईंनी तो दुहेरी टीप घालून शिवला आणि मजुरीऐवजी एवढेच मागितले, की या पतंगावर आपल्याला एकदा पाण्यावर उभे राहायचे आहे. पाऊस लागण्यापूर्वी हुमा परत जाणार होती.

त्यांच्या पत्नी यास्मिन यांनी अट घातली. "ही सोडा म्हणंल तवा सोडलं, तरच पाण्यात पाय. न्हाईतर ताडपत्री शिवा."

भाटघर धरणाचे पाणी त्या दिवसांत ओसरून विस्तीर्ण काठ उघडा पडतो. तेथे हुमाने कोरड्या जमिनीवर क्रमाने शिकवण्यास आरंभ केला. आधी वारा पाहायचा. तो काठाला समांतर, अथवा पाण्याकडून तिरपा यावा. काठाकडून पाण्याकडे वाहत असेल, तर त्या दिवशी सामान बाहेरच काढायचे नाही. वारा जिकडे जातो तिकडे तार, झाड, माणूस असता कामा नये. मग आकाशाला घड्याळ मानायचे. डोक्यावर बारा, तेथे पतंग निवांत असतो. दहाकडे वा दोनकडे उतरवला की ओढू लागतो. दोऱ्या एका आडव्या दांड्याला बांधलेल्या. दांडा जवळ घेतला की जोर वाढतो, सोडला की पतंग नरमतो. तो उडून जात नाही, कारण कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला असतो.

अमजदभाईंनी हे सारे बिनचूक म्हणून दाखवले. मग पट्टा बांधून पतंग बारावर चढवला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला.

"मामू, सोडा," हुमा म्हणाली.

अमजदभाईंनी दांडा छातीशी घट्ट आवळला आणि ते वाळल्या गाळावरून पोटावर बरेच अंतर फरफटत गेले.

"ऐकू आलं न्हाई का मामू?"

"आलं की. हात ऐकंना."

"लग्नात माझा हात धरला, तो अजून सोडंनात," बाजूला बसून बघत असलेल्या यास्मिन म्हणाल्या. "पतंगाचं काय घेऊन बसलीस?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणीचा एक भाग यास्मिन यांनी स्वतःकडे घेतला. घरात वा दुकानात, मनात येईल तेव्हा त्या "सोडा" म्हणत. हातात कात्री असो वा पाण्याची बादली. टेम्पोच्या टपावर ताडपत्री ताणत असताना असा हुकूम आला, तेव्हा ती खाली उभ्या चालकाच्या डोक्यावर पडली.

"मिस्त्री, ह्यो कसला धंदा?" आतून त्याने विचारले.

"अभ्यास चाललाय," अमजदभाई म्हणाले.

पुढल्या खेपेस काठावर त्यांनी सांगताक्षणी दांडा सोडला. मग जाकीट आणि शिरस्त्राण घालून, फळीवाचून, नुसत्या पतंगामागे पाण्यातून ओढले जाण्याचा सराव झाला. फळीवर बसून उठण्याच्या प्रयत्नात ते पुनःपुन्हा पालथे झाले.

हुमा निघण्याच्या आदल्या दुपारी वारा स्थिर होता. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. सोडा म्हणण्याचे काम काठावरच्या यास्मिन यांच्याकडे दिले. अमजदभाईंनी पतंग बारावरून दोनकडे उतरवला, गुडघे वाकवले, आणि फळी पाण्यावर आली. ते उभे राहिले. हुमाच्या पुढून, पाणी कापीत, ते काठाकाठाने निघाले. पुढे पाण्यातून वर आलेल्या खडकांची रांग होती आणि ती जवळ येत होती.

काठावरून शब्द आला नाही.

अमजदभाईंनी आपण होऊन दोन्ही हात उघडले. पतंग नरमला, फळी बुडाली, आणि ते खडकांच्या बरेच अलीकडे छातीभर पाण्यात उभे राहिले.

"अगं, म्हणाली का न्हाईस?" त्यांनी ओरडून विचारले.

यास्मिन यांनी पदराने डोळे पुसले. "बघत हुते," त्या म्हणाल्या. "ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."