खऱ्या पत्त्यांवरही

मी आणि बायकोनं शेवटचं मिळून काही केलं असेल, तर तुरीच्या शेंगा सोलल्या. "मी बरी हाओ, तुम्ही जा खेळाले," ती म्हणाली. मी गेलो. परत आलो तर ती संपली होती.

महिन्यानं पुन्हा आमच्या वस्तीत, कॅम्प-1 मधल्या पाण्याच्या टाकीखाली तीन पत्तीले बसलो. पैशाऐवजी आम्ही चिचोके लावतो. समोर तो चष्मेवाला, पत्ते छातीशी धरून. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मले तो पहिल्यापासून लबाड वाटे. हलक्या पत्त्यांवर चाल वाढवताना तो चष्मा पुसतो, हे मी हेरलं होतं. त्या दिवशी त्यानं चष्मा पुसला आणि मी सगळे चिचोके लावले. त्यानं तीन बादशा दाखवले.

"मंग चष्मा कावून पुसला?" मी चिडलो.

"काका, खोट्यावरच पुसला तर तुम्ही मले धराल. म्हणून खऱ्यावरबी पुसतो."

घरी येताना तिचं "बरी हाओ" डोक्यातून जाईना. दुखत असो की नसो, ती तेच म्हणायची, त्याच आवाजात. शेंगा सोलतानाबी दुखत होतं काय, कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गहून पोरीचा फोन आला. "बाबा, बरे हाय ना?"

रोज मी हो म्हणायचो.

"नाही," म्हटलं. "तू ये."