न जुळणारं विमान

उद्यमनगरातल्या छापखान्यात चळवळीची पत्रकं टाकली की मी समोरच्या चहाच्या गाडीवर बसायचो. तिथं एक म्हातारा भेटायचा. पूर्वी फौंड्रीत ओतकामासाठी लाकडी नमुने घडवायचा. ते काम मशीनकडं गेलं आणि मालकानं याला घरी बसवलं.

बाकावर पेपर पसरून तो प्लास्टिकच्या विमानांचे सुटे भाग जोडायचा. स्वस्तातलं किट, पंख कधीच नीट बसत नसे. मग घासायचा, फटीत लांबी भरायचा, एक डोळा मिटून बघायचा, पुन्हा घासायचा. मुलीनं पाठवलेलं महागडं किट त्यानं एका दुपारात जोडून नातीला देऊन टाकलं होतं.

"टकाटक बसलं की ओ. त्येनं मला कायबी विचारलंच न्हाय," तो म्हणाला.

मला त्या स्वस्त किटचाच संताप आला. असला भंगार माल विकतात म्हणजे काय? मी तिथंच स्वस्त किटवाल्या कंपनीला तक्रार लिहिली आणि सहीसाठी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती शांतपणे वाचली.

"बरोबर हाय पावणं. पर धाडू नगा. त्येंनी सुधारलं तर ह्या हातांनी करायचं काय?"

"मग फौंड्रीच्या मालकाविरुद्ध तरी लिहितो," मी म्हणालो.

"लिवा की. आधी हा पंख धरा. गोंद वाळंपर्यंत बोलायचं न्हाय."

चळवळीत आल्यापासून मला इतका वेळ गप्प कुणी बसवलं नव्हतं.