भावोजींचे झगझगीत बल्ब

पेणच्या दुकानात जुन्या गाडीसाठी हेडलाइटचे बल्ब बघत होतो. दुकानदाराने सर्वांत झगझगीत बल्ब पुढे केला आणि मला भावोजी आठवले.

"समोरच्याचे डोळे दिपले पायजेत, तरच गाडीला मान," म्हणत त्यांनी असलेच बल्ब बसवले होते. एका संध्याकाळी ताई आणि मी त्यांच्या गाडीत होतो; खांब गावाजवळ समोरून येणारा म्हातारा त्या उजेडाने गडबडला आणि सायकलसकट शेतात कोसळला.

"दिसत नाय काय त्याला?" भावोजी बसल्या जागेवरूनच ओरडले.

ताईने चिखलात उतरून म्हाताऱ्याला उठवलं. ती परत आली, तर हा गृहस्थ म्हणतो, "साडी झटक, मग बस. सीट खराब होईल."

तेव्हा वाटलं, गाडीला किती जपतात! आज त्या माणसाची किळस येते.

त्या संध्याकाळी ताई गाडीत बसलीच नाही. म्हाताऱ्याची सायकल ढकलत, लंगडणाऱ्या त्याच्यासोबत ती खांबपर्यंत चालत गेली.