धुळ्याहून आलेलं सील

नाना मिस्तरी गेल्याचं मला त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं. मी भाजी निवडत बसले होते. "शेवटच्या आठवड्यातही तुमच्या टबची मोटर कशी आहे, विचारत होते," ती म्हणाली. मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. नाना माणसांपेक्षा मोटरींची ख्यालीखुशाली जास्त विचारतात, असं आम्ही त्यांना चिडवायचो. आज महिना झाला त्यांना जाऊन. हे लिहायला वेळ लागला, कारण यात माझी एक लबाडी आहे.

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात सावदा-रावेरकडच्या केळीच्या मळ्यांतून जळालेल्या मोटरी यायच्या आणि दुकानासमोरचा अर्धा रस्ता अडून जायचा. मी शाळेत शिकवायचे, येताजाता नमस्कार, एवढीच आमची ओळख. नव्वद सालच्या आसपास आईला अर्धांगवायू झाला, उजवा हात निकामी झाला. अमेरिकेतल्या दादाला येता आलं नाही, ते त्याला फार लागलं होतं. त्याने बोटीने एक टब पाठवला. कोमट पाण्यात हात-पाय बुडवून बसायचं, मोटर पाणी घुसळते, नसांना बरं वाटतं. खोकं उघडलं आणि मला दम निघेना. पाणी न भरताच मी पिन सॉकेटात घातली. तिकडची वीज आपल्या निम्म्या दाबाची असते, हे गणिताच्या बाईंना सुचलं नाही. मिनिटभर घरघर झाली, मग धूर. दादाने आईसाठी केलेली एकच सेवा मी मिनिटात जाळली होती. त्याला पत्रात लिहिलं, मोटर वाटेतच बिघडून आली.

नानांनाही तेच सांगितलं. त्यांनी मोटर खोलली, बराच वेळ पाहिली आणि चहा मागवला. "ताई, एखादी कॉइल जळती ते मी समजतू. आठे बठ्ठी, सगळीच्या सगळी वायंडिंग सारखीच काळी शे, सील बी कोरडं फिरीसन तडकेल शे. काय व्हयनं ते खरं सांगा." मी सांगितलं. ते रागावले नाहीत. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "तुम्हना भाऊले खरं लिखी द्या. तीच मनी मजुरी."

जळालेल्या तारेचे वेढे मोजून नानांनी बारीक तारेचे दुप्पट वेढे भरले, म्हणजे मोटर आपल्या विजेवर चालेल. अडलं ते सीलवर, पाणी मोटरीत शिरू न देणाऱ्या त्या कडीवर. जळगावात त्या मापाचं मिळेना. टब अमेरिकेचा, त्याचं माप इंचात; धुळ्याच्या कापडगिरणीचे जुने पंपही इंचाच्या मापातले, म्हणून नाना तीनदा एसटीने धुळ्याला भंगारवाल्यांकडे जाऊन आले. दर वेळी कडी एक सूत लहान, नाहीतर मोठी. इकडे आईची बोटं दिवसेंदिवस आखडत होती... दीड-दोन महिन्यांनी नाना सील घेऊन दारात उभे. "धुळ्याले मिळनं," म्हणाले. बसवता बसवता विचारलं, "भाऊले पत्र टाकं का?" मी म्हटलं, टाकलं. टाकलं नव्हतं. "बरं झालं," म्हणून ते स्क्रू आवळत राहिले.

त्या पाण्यात आईची बोटं हळूहळू सुटली. दिवाळीत तिने स्वतःच्या हाताने पणती उचलून उंबऱ्यावर ठेवली. त्यानंतर आई बारा वर्षं होती. नाना दरवर्षी बेअरिंगला ग्रीस भरायला यायचे आणि जाताना न चुकता विचारायचे, "भाऊशी बोलणं व्हस का?" मी म्हणायचे, होतं की. मला ती आपली साधी विचारपूस वाटायची.

नाना गेल्याचं सांगायला दादाला फोन केला आणि कसं कोण जाणे, सगळं बोलून गेले. ऐकून दादा म्हणाला, "सुमे, मला ठाऊक आहे. ते सील मीच पाठवलं होतं. नानांनी खोक्यावरचा पत्ता पाहून पत्र लिहिलं होतं, सीलचं माप कागदावर गिरवून. खाली लिहिलं होतं, ताई घाबरल्या आहेत, त्या आपण होऊन सांगतील, तोवर तुम्ही विषय काढू नका."

तीस वर्षं दोघंही वाट पाहत होते. मला माझी लाज वाटली आणि नानांचा रागही आला. एकदा तरी स्पष्ट विचारायचं होतं ना... पण दरवर्षी दुसरं काय विचारत होते ते?

टब अजून आहे, आता माझ्या गुडघ्यांसाठी. काल पाणी भरून मोटर लावली. चालू झाली की नाना तिच्यावर उपडा हात ठेवून उभे राहायचे, तशी उभी राहिले. "नाना, दादाला सांगितलं," मी म्हटलं. हाताखाली मोटर चालत होती.