कडं फिरवायचं असतंय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

आज ऑटोमॅटिक गाडीचा गिअर अडकला, की उमरगा-लोहाऱ्याहून लोक मुरुमला माझ्याच गॅरेजवर येतात. शोरूमवाले जिथं अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणतात, तिथं मी वायरींचा कनेक्टर काढतो, आत शिरलेलं तेल पुसतो, नवं सील घालतो — गाडी पळते. भाव मी सांगेन तोच. पंक्चर काढत वर आलोय, का सोडू?

आणि पंक्चरवाला म्हणून मला हिणवलं कुणी? बसप्पाअण्णांनी, गावातल्या सगळ्यात जुन्या मिस्त्रींनी. भर चौकात म्हणाले, "तू टायरीपुरतं बघ की रे, गिअरात कशाला हात घालतोस?" लोक हसले. ते हसणं मी विसरलो नाही — आजही नाही.

मग एका गुरुजींची गाडी आली. नवं मॉडेल, पण कनेक्टर दिसायला जुन्यासारखाच. जुना दाबून ओढला की निघायचा. आम्हा सगळ्यांच्या हाताला तीच सवय. मी ओढला. निघेना. चिडलो, हिसका दिला — कट्कन लॉक तुटलं.

गुरुजी समोरच्या टपरीवर चहा पीत होते. याआधी गिअरचं तेल कुणी बदललं, मी विचारलं. अण्णांनी, ते म्हणाले. झालं! तुटका तुकडा नाचवत मी अण्णांच्या दारात. मागं गुरुजी आणि पाच-दहा जण.

अण्णांनी तुकडा उलटसुलट पाहिला. हळूच म्हणाले, "ह्याला ओढायचं नसतंय. कडं फिरवायचं असतंय, मग आपसूक निघतंय."

"ठाऊक हुतं, तर मोडलं कशाला, अण्णा?" मी ओरडलो.

सगळे हसले — या वेळी माझ्या बाजूनं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं, नक्की कळलं होतं. त्यांनी तुकडा परत दिला, इतकंच. त्यानंतर एकही ऑटोमॅटिक गाडी त्यांच्याकडं गेली नाही. आता ते ट्रॅक्टर बघतात.

मी मात्र परत येऊन कनेक्टरभोवतीचं कडं फिरवलं. अलगद निघालं! काय आनंद झाला म्हणून सांगू? तो खोटा नव्हता. आजही गाडीखाली पाठ टेकून कडं फिरवतो, तेव्हा तसाच होतो. माझं सगळं नाव अण्णांच्या त्या एका वाक्यावर उभं आहे.

अण्णांनी त्या गाडीचं फक्त तेल बदललं होतं. कनेक्टरला त्यांचा हातही लागला नव्हता. लॉक मी मोडलं.