व्हालिसीचा डूख

व्हालिसी तुवालूच्या संसदेत भाषणं उतरवून घेण्याच्या कामाला लागली, तेव्हा सभा धावपट्टीला लागून असलेल्या मानेआपात भरायची. मानेआपा म्हणजे चारी बाजूंनी मोकळा मोठा मांडव. विमान उतरायला लागलं की बोलणाऱ्यानं तोंड मिटायचं आणि आवाज विरला की सोडलेल्या शब्दापासून पुन्हा धरायचं. सभासद इतके थोडे, की एकाला ताप आला तर सरकारच्या पोटात गोळा यायचा. त्या सभासदांत तिचे वडीलही होते. इआकोपो, निउताओ बेटावरून निवडून आलेले. दणकट हाडाचे आणि मोजकं बोलणारे.

त्या वर्षी मोठ्या भरतीनं निउताओचा किनारा खाल्ला आणि त्यात इआकोपोंच्या आईचं थडगं गेलं. अधिवेशनात ते उभे राहिले आणि म्हणाले, "आईला शोधायला मी कुठल्या खात्याकडे जायचं, तेवढं सरकारनं सांगावं." मग तुवालूच्या रीतीप्रमाणे त्यांनी तिच्या आवडीचं भजन धरलं. सभासदांनी मागून सूर लावला. दुसऱ्या कडव्याला इआकोपो खाली बसले आणि हातांत तोंड झाकून रडले. व्हालिसीनं लिहायचं थांबवलं नाही, पण त्या दिवशीचं तिचं अक्षर तिला स्वतःलाच लागेना.

त्याच्या आदल्याच वर्षी दक्षिणेकडच्या मोठ्या देशाच्या संसदेनं तुवालूशी सहकार्याचा करार केला होता. त्यांची माणसं इथे येणार, इथली तिकडे शिकायला जाणार. हे सगळं बघायला क्लाइव्ह हॅलम नावाचे अधिकारी होते. गोरे, उंच, हसतमुख, कामाला वाघ. बोलणं आणि चित्र टिपायची चांगली यंत्रं त्यांनीच मिळवून दिली होती, आणि इआकोपोंचं भजनही त्यांत उतरलं होतं. शिकायला पहिली निवड झाली व्हालिसीची.

तिकडच्या थंडीत तिनं सहा महिने काढले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी हॅलमनी तिच्यासाठी जेवण ठेवलं. लांब टेबल होतं आणि सगळा अधिकारीवर्ग जमला होता. गोड पदार्थ आल्यावर हॅलम म्हणाले, "आपली नवी यंत्रं काय काय टिपतात ते बघा." भिंतीवर चित्र उमटलं. चित्रात इआकोपो उभे होते.

ते व्हालिसीचे वडील आहेत हे हॅलमना ठाऊक नव्हतं. तिकडे बापलेकींची आडनावं जुळतात, तुवालूत जुळत नाहीत. भजन सुरू झालं तसे हॅलम उठले. हातरुमाल डोळ्यांना लावून, खांदे हलवत त्यांनी सूर काढला. "आता अर्थसंकल्पावर मी एक गाणं म्हणतो," असं म्हणून हुंदका दिला. टेबल हसलं. एकाचा तर घोट नाकात गेला. मग सगळ्यांनी पाहुणीकडे पाहिलं, तेव्हा व्हालिसीसुद्धा हसली.

ते हसू तिच्या तोंडावर कसं आलं हे तिला कधीच कळलं नाही. हॅलमनी बापाची टर उडवली, हे तिनं एखाद्या वेळी गिळलंही असतं. पण त्यांनी तिला त्यात हसायला लावलं, आणि ते तिच्या घशाखाली उतरेना.

घरी पोचल्यावर इआकोपोंनी विचारलं, "तिकडे आमच्या संसदेचं काही माहीत तरी आहे का कुणाला?"

"तुमचं भाषण दाखवलं हॅलमसाहेबांनी, बाबा."

"माझं? मग?"

"सगळे उठून उभे राहिले."

म्हातारा नुसतं म्हणाला, "मोठी माणसं." त्यानंतर निउताओवर कुणाचं लग्न असो की बारसं, पुलाकाच्या कंदांचं जेवण समोर आलं की इआकोपो ती गोष्ट सांगायचे. कुणी कंटाळला तर म्हणायचे, "लेकीनं डोळ्यांनी बघितलंय. विचार तिला." आणि व्हालिसी मान डोलवायची. दर वेळी मान डोलवली की आतला डूख आणखी धार धरायचा.

प्रशांत महासागरातल्या विधिमंडळांचा एक संघ होता. त्यात मोठ्या देशाच्या संसदेला एक मत आणि नारळाच्या चार झाडांच्या बेटालाही एकच मत. महासचिव व्हायचं हॅलमच्या मनात आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. व्हालिसीनंही ते ऐकलं आणि त्या दिवसापासून कामाला लागली.

छोट्या बेटांची विधिमंडळं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. प्रत्येक जण मोठ्या देशाकडे हात पसरून उभा. व्हालिसीनं ते हात एकमेकांत गुंफायला घेतले. एका बेटावर अविश्वासाचा ठराव आला आणि तो कसा घ्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हालिसी विमानं बदलत तिथे गेली आणि सभापतींच्या शेजारी बसून तो पार पाडून आली. दुसऱ्या बेटावर वादळानं सभागृहाचं छप्पर नेलं, तर तुवालूच्या मानेआपात त्यांचं अधिवेशन भरवलं. कुणाकडे कायदे लिहिणारा नव्हता, तर शेजारच्या किरिबाती देशाकडून उसना आणला. मधल्या काळात ती संसदेची सचिव झाली. लोक म्हणत, बाई सहकार्यासाठी झिजते आहे. ती ऐकून घ्यायची.

किरिबातीच्या संसदेत नेई ताबेरा तिची मैत्रीण झाली. जाडजूड आणि तोंडाळ. हिशेबानं बोलणं तिला जमायचंच नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर व्हालिसीनं हॅलमच्या विरोधात तिलाच उभं केलं.

"मला उभी करतेस का त्याला पाडतेस?" ताबेरानं विचारलं.

"दोन्ही."

"अगं, मी तुला ओळखते. खरं बोल."

"त्याला पाडते आहे. तू उभी राहिलीस म्हणून बरं झालं."

"माणूस वाईट नाही तो. काम जाणतो."

"मी कुठं म्हटलं काम जाणत नाही?"

ताबेरानं पुढे विचारलं नाही. "त्याला मारताना माझ्या अंगाला तरी सांभाळ म्हणजे झालं," एवढं म्हणाली.

मतं मागायला हॅलम तुवालूच्या राजधानीला, फुनाफुतीला आले. गळ्यात फुलांची माळ घातलेले, केस पांढरे झालेले. मानेआपात चटईवर मांडी घालताना गुडघे कुरकुरले. सभापती उठून गेल्यावर ते व्हालिसीकडे वळले.

"सगळी बेटं तुझ्या शब्दावर चालतात असं ऐकतो. मी काय वाकडं केलंय तुझं?"

तिनं सांगितलं. आवाज न चढवता, सगळं सांगितलं. टेबल, हातरुमाल, अर्थसंकल्पाचं गाणं.

हॅलमचा चेहरा उतरला. त्यांना आठवत होतं, हे तिला दिसलं आणि तिचं समाधान झालं. आठवलं नसतं तर एवढ्या वर्षांचं कुणाच्या पदरात टाकायचं होतं तिनं?

"ते तुझे वडील होते?"

"अजून आहेत."

"कुठं आहेत? मी आत्ता जातो त्यांच्याकडे. सगळ्या गावासमोर माफी मागतो. मतासाठी नाही, व्हालिसी. मत नको देऊस."

आणि ते खरं बोलत होते. हेच तिला झोंबलं. माफी मागायची तर आधी सांगावं लागणार, की तुम्ही रडलात आणि आम्ही हसलो. म्हाताऱ्यानं गावभर जपलेली गोष्ट त्याच्याच दारात मोडावी लागणार.

"त्यांना वाटतं, तुम्ही उठून उभे राहिला होतात," ती म्हणाली. "ते तसंच राहणार आहे. माफी तुमची तुमच्यापाशी ठेवा, हॅलमसाहेब. ती उतरवायला मी जागा देणार नाही."

ते चटईची काडी उपटत बसले. मग धावपट्टीवर विमान यायचा भोंगा झाला आणि ते उठले.

सुवा शहरात मतदान झालं. मोठ्या देशांनी हॅलमना मतं दिली. बेटं एकामागून एक ताबेराकडे गेली. एकही फुटलं नाही. निकाल वाचताना व्हालिसी हॅलमकडेच बघत होती. त्यांनी ताबेराशी हात मिळवला आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले. तिला वाटलं होतं, छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. भरपेट जेवून उठल्यावर येते तशी सुस्ती मात्र आली.

घरी इआकोपो तिच्यावर उखडले. "हॅलमला पाडलंत म्हणे? तुम्ही?"

"ताबेरा निवडून आली, बाबा. आपल्यातली आहे."

"असेल. पण ज्या माणसानं माझ्या आईचं दुःख एवढ्या मोठ्या घरात ऐकवलं, त्याला पाडायचं? आपण उपकार विसरणारी माणसं आहोत का?"

व्हालिसी मासळी साफ करत होती. तिनं पुढचा मासा उचलला.

इआकोपोंनी आपल्या धाकट्या बहिणीकडून चटई विणून घेतली. नुसती चटई नव्हे, लग्नात देतात तसली बारीक विणीची, काठाला काळ्या नक्षीची. म्हणाले, "त्याला दे. आणि मी सांगतो तसंच्या तसं सांग, शब्द गाळू नकोस."

संघाचा कारभार सोपवायच्या बैठकीला हॅलमही आले होते. जेवणाच्या सुट्टीत व्हालिसी त्यांच्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी चटई पुढे केली.

"बाबांनी दिली आहे. निरोपही आहे. ते म्हणतात, तुम्ही माझ्या आईसाठी तुमच्या सगळ्या माणसांना उभं केलंत. माझ्या मुलीनं चुकीचं मत दिलं, त्याबद्दल राग धरू नका. तुम्ही कधीही या, माझ्या घरी तुमची जागा आहे."

शब्द गाळायचा नाही असं बजावलं होतं. तिनं एकही गाळला नाही. वडिलांचा आवाज जिथे थांबला होता तिथे तीही थांबली.

हॅलमनी चटई घेतली. "त्यांना काय सांगू?" तिनं विचारलं.

"सांग की..." ते म्हणाले.

"चटई आवडली म्हणून सांगते," व्हालिसी म्हणाली आणि ताबेरा बसली होती तिकडे जेवायला गेली. तिथून तिला दिसत होतं. हॅलम तसेच उभे होते, चटई छातीशी धरून, आणि ती खाली ठेवायला जवळ रिकाम्या खुर्च्या होत्या तरी ते ती ठेवत नव्हते.